झाली की निघेल
मुक्त संगणकाची गोष्ट : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, पाहिला. नुसत्या कर्नलवर कुणाचं भागत नाही. फाइल उघडायला, छापायला, मराठी अक्षरं पडद्यावर उमटवायला हजारो लहानमोठ्या प्रोग्रॅमची सोबत लागते. हा सगळा संसार जमवून, एकमेकांशी जुळवून हाती देणारं ते डिस्ट्रिब्युशन. अशा संसारांपैकी सर्वांत जुन्यांत गणला जाणारा, आजही नांदता असलेला एक म्हणजे डेबियन. त्याची नवी आवृत्ती निघते कशी, हा आजचा विषय.

शनिवार, ९ ऑगस्ट २०२५. त्या दिवशी डेबियन १३ निघाली. ‘निघाली’ म्हणजे नेमकं काय घडलं? डेबियनच्या सर्व्हरवर ‘स्टेबल’ नावाची एक पाटी असते. ती त्या दिवसापर्यंत ‘बुकवर्म’ नावाच्या फोल्डरकडे, म्हणजे आवृत्ती १२ कडे, बोट दाखवत होती. ती काढून ‘ट्रिक्सी’ नावाच्या फोल्डरवर लावली. मग इन्स्टॉलरच्या इमेज तयार झाल्या, स्वयंसेवकांनी त्या यंत्रांवर चढवून पाहिल्या आणि घोषणा झाली. ६९,८३० पॅकेजांचा, म्हणजे बांधून तयार ठेवलेल्या प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यांचा, डोलारा, पण त्या दिवशीचं मुख्य काम पाटी हलवण्याचं. खरं काम आधीच उरकलं होतं, आणि त्यातल्या शेवटच्या पाच महिन्यांत लोक मुख्यतः एकमेकांना ‘आता नको’ म्हणत होते.

खेळण्यांची नावं

डेबियनची सुरुवात १६ ऑगस्ट १९९३ ची. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉकने प्रकल्प जाहीर केला आणि मैत्रीण डेब्रा हिचं नाव आपल्या नावाला जोडून ‘डेबियन’ शब्द घडवला. १९९६ साली प्रकल्पाची सूत्रं ब्रूस पेरेन्स यांच्याकडे आली. ते पिक्सार या ॲनिमेशन कंपनीत नोकरीला होते, आणि पिक्सारचा ‘टॉय स्टोरी’ तेव्हा नुकताच झळकला होता. त्यामुळे नाव मिळालेली पहिली आवृत्ती ठरली ‘बझ’. तेव्हापासून प्रत्येक आवृत्ती त्या चित्रपटमालिकेतल्या एकेका पात्राचं नाव घेऊन येते: वुडी, जेसी, बुल्सआय, बुकवर्म, ट्रिक्सी.

बझचा क्रमांक मात्र १.१ आहे. डेबियन १.० नावाची आवृत्ती कधी निघालीच नाही. १९९५ च्या अखेरीस सीडी विकणाऱ्या एका कंपनीने अर्धवट कच्चा माल उचलला, त्यावर ‘१.०’ छापलं आणि बाजारात आणला. गिऱ्हाइकाच्या हाती न चालणारी चकती पडली. त्या चकतीशी गल्लत नको म्हणून प्रकल्पाने तो आकडाच सोडून दिला. अर्धं शिजलेलं ताट कुणीतरी परस्पर वाढलं, हा डेबियनचा पहिला धडा.

तीन खोल्या

पुढे या धड्याची एक पद्धत झाली. डेबियनच्या घरात तीन खोल्या आहेत, असं समजा.

पहिली खोली ‘अनस्टेबल’. तिचं नाव कायम एकच: ‘सिड’. टॉय स्टोरीत शेजारचा जो पोरगा खेळणी मोडून-तोडून पाहतो, तो हा सिड. जगभरातले स्वयंसेवक आपापल्या पॅकेजची नवी आवृत्ती इथे आणून टाकतात. इथे काल चालणारी गोष्ट आज चालेलच, याची हमी नाही.

दुसरी खोली ‘टेस्टिंग’. सिडमधलं पॅकेज इथे यायचं तर त्याला आधी मुरावं लागतं. निकड किती यावर साधारण २, ५ किंवा १० दिवस थांबायचं. तेवढ्यात कुणी नवी गंभीर तक्रार नोंदवता कामा नये. ज्या ज्या जातीच्या प्रोसेसरवर ते आधी बांधलं गेलं होतं, त्या सगळ्यांवर ते पुन्हा बांधलं गेलं पाहिजे. आणि ते आल्यामुळे दुसरं कुठलं पॅकेज मोडता कामा नये. हे राखणदारीचं काम एक प्रोग्रॅमच करतो, त्यामुळे ओळखीपाळखीचा उपयोग नाही.

तिसरी खोली ‘स्टेबल’, म्हणजे तुमच्याआमच्यासाठी निघालेली आवृत्ती. इथे नवीन काही येत नाही. एखाद्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेचं भोक सापडलं, तर सहसा त्याची नवी आवृत्ती न आणता फक्त त्या भोकापुरतं ठिगळ जुन्या आवृत्तीला लावतात. म्हणून डेबियनवर आकडा जुना दिसला तरी दुरुस्ती ताजी असू शकते. नवख्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो.

‘स्टेबल’ या शब्दानेही गोंधळ होतो. त्याचा अर्थ ‘बिनचूक’ असा लोक धरतात. मराठीतला ‘स्थिर’ जास्त प्रामाणिक आहे: जागचं हलत नाही, एवढंच तो सांगतो. आज ज्या खोडी आहेत त्या उद्याही त्याच राहतील. दवाखान्याचा, बँकेचा किंवा कॉलेजचा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला हे फार मोलाचं असतं. माहितीच्या खोडीची तो व्यवस्था लावू शकतो. रोज नवी खोड निघाली, तर रात्रीची झोप जाते.

गोठवण

टेस्टिंगमध्ये माल येतच राहतो. मग त्याची आवृत्ती करायची कधी? त्यासाठी ‘फ्रीझ’, म्हणजे गोठवण. पाणी एकदम गोठत नाही, कडेकडेने गोठत येतं, तसंच हे. ट्रिक्सीच्या वेळी १५ मार्च २०२५ ला पहिली पायरी आली: ज्यांच्या हलण्याने शेकडो पॅकेजं हलतील अशा पायाभूत लायब्ररींना हात लावणं बंद. १५ एप्रिलला दुसरी: नवं पॅकेज घ्यायचं नाही, लहान दुरुस्त्या तेवढ्या चालतील. १५ मेला तिसरी: महत्त्वाच्या पॅकेजांत बदल हवा असेल, तर रिलीज टीमला कारण सांगून परवानगी घ्या. २७ जुलैला सगळ्यालाच टाळं. त्यानंतर तेरा दिवसांनी पाटी हलली.

या काळात नजर एकाच यादीवर असते. पॅकेज वापरताच येत नाही, माहिती नष्ट होते, दुसऱ्याचा प्रोग्रॅम बिघडतो, अशा तक्रारींना ‘रिलीज अडवणारे बग’ म्हणतात. ते मारायला लोक शनिवार-रविवारी एकत्र जमतात. ज्या पॅकेजचा बग मिटत नाही आणि ज्याच्यावाचून बाकीच्यांचं अडत नाही, ते पॅकेज आवृत्तीतून वगळलं जातं. त्यामुळे वर्षभर राबलेल्या स्वयंसेवकाचं कामही बाहेर राहू शकतं. डेबियनकडून पगार कुणालाच नाही आणि साहेबही कुणी नाही. हे ऐकायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या नियमाखातर.

या गोठवणीचा मराठीशीही संबंध आहे. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतून चालतो. इंग्रजी वाक्यं रोज बदलत राहिली तर भाषांतर करणारा कायम एक पाऊल मागेच राहणार. म्हणून आवृत्तीआधी इन्स्टॉलरची वाक्यंही गोठवतात, आणि मराठीसकट सगळ्या भाषांना मूळ मजकूर गाठायला उसंत मिळते. मराठी हवी असेल, तर सुरुवातीला ग्राफिकल इन्स्टॉलर निवडा. साध्या अक्षरी पडद्याला वेलांटी योग्य जागी बसवणं आणि जोडाक्षरं जुळवणं झेपत नाही.

तारीख की तयारी?

पण एवढं थांबायचं तरी किती? डेबियनचं ठरलेलं उत्तर: ‘झाली की निघेल.’ दिवाळीच्या तोंडावर शिंप्याकडून असं उत्तर मिळालं, की पोटात गोळा येतो. डेबियनच्या चाहत्यांनाही तो यायचा. वुडी निघाली जुलै २००२ मध्ये आणि पुढची सार्ज थेट जून २००५ मध्ये. मधली जवळजवळ तीन वर्षं लोक जुन्या पॅकेजांवर दिवस काढत होते. याच काळात, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच मालावर उभी राहिलेली उबुंटू आली. तिचा वायदा उलटा: दर सहा महिन्यांनी आवृत्ती, आणि क्रमांकच वर्ष-महिन्याचा. पहिलीचा आकडा ४.१०, म्हणजे २००४ चा दहावा महिना. जे तयार नसेल ते पुढच्या गाडीला.

डेबियनने यातून हळूहळू मधली वाट काढली. गोठवण कधी सुरू होणार, ते आधी जाहीर करायचं. आवृत्ती कधी निघणार, ते बगांची यादी सांगेल. गंमत म्हणजे हे इतकं अंगवळणी पडलं आहे, की २००५ पासून २०२५ पर्यंत एकही विषम वर्ष आवृत्तीवाचून गेलेलं नाही. सलग अकरा आवृत्त्या, आणि सम वर्षात एकही नाही.

अर्धा सेकंद

थांबण्याचा उपयोग किती, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसलं. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. सिड चालवत असलेल्या यंत्रावर वेग मोजताना त्यांना दिसलं, की दूरच्या यंत्रात शिरण्याचा एसएसएच हा प्रोग्रॅम उगाच राबतो आहे आणि लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. दुसऱ्या कुणी ‘चालायचंच’ म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी माग काढला, तर धागा एक्सझेड नावाच्या, फाइली आवळून लहान करणाऱ्या साध्याशा लायब्ररीत पोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. बसवणारा उपरा नव्हता. टोपणनावाने दोन वर्षांहून जास्त काळ इमानेइतबारे मदत करून त्याने विश्वास कमावला होता. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी हे जगजाहीर केलं.

डेबियनच्या घरात हा माल पहिल्या दोन खोल्यांपर्यंत आला होता. तिसऱ्या खोलीत बुकवर्म होती आणि तिच्यात एक्सझेडची जुनी ५.४.१. जगभरचे डेबियन स्टेबलचे सर्व्हर बचावले, ते मागे राहिल्यामुळे. पण श्रेय नीट वाटू या. चोर स्टेबलने पकडला नाही, एका चिकित्सक माणसाने पकडला. मुरण्याच्या काळाने फक्त त्या माणसाला वेळ दिला.

मुरलेली चूक

कुणाच्याच लक्षात आलं नाही तर काय होतं, तेही डेबियनने भोगलं आहे. सप्टेंबर २००६ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीत डेबियनच्याच बाजूने एक बदल झाला. चुका शोधणारं एक साधन कुरकुर करत होतं, म्हणून संशयास्पद वाटलेल्या ओळी काढल्या. नेमक्या त्याच ओळींतून किल्ल्या बनवायला लागणारा बेभरवसा, म्हणजे अंदाज न बांधता येणारे आकडे, येत होते. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८ पर्यंत. ज्या किल्लीचा अंदाज विश्वाच्या अंतापर्यंत लागू नये, ती एका दुपारी सापडेल अशी झाली. ही चूक सिडमधून टेस्टिंगमध्ये आली, गोठली आणि एप्रिल २००७ च्या ‘एच’ आवृत्तीत रीतसर स्टेबल झाली. ती उघड झाली १३ मे २००८ ला. तोवरच्या वीस महिन्यांत बनलेल्या किल्ल्या जगभर शोधून बदलाव्या लागल्या.

बरणीत लोणचं मुरतं, तशी बुरशीही वाढते. मधूनमधून झाकण काढून बघणारं कुणी नसेल, तर नुसत्या थांबण्याला अर्थ नाही.

तुमच्यासाठी काय?

ट्रिक्सीतला सर्वांत मोठा बदल डोळ्यांना दिसत नाही. युनिक्सच्या वळणाच्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. हा आकडा ३२ बिटांत ठेवला, तर १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं झालेली असताना, जागा संपते आणि घड्याळ १९०१ सालात जाऊन पडतं. मोठ्या ६४ बिटी यंत्रांना हा धोका आधीपासूनच नव्हता. ट्रिक्सीने ३२ बिटी आर्म प्रोसेसरसाठीही हा आकडा रुंद केला. जुन्या ३२ बिटी पीसीचं खातं मात्र जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून तसंच ठेवलं, आणि त्या पीसींसाठी आता इन्स्टॉलरही निघत नाही. माळ्यावर वीस वर्षांपूर्वीचा पीसी असेल, तर तो आधी ६४ बिटी आहे का ते तपासा.

आधीपासून डेबियन वापरत असाल, तर एक खबरदारी घ्या. पॅकेज कुठून आणायची त्या यादीत ‘स्टेबल’ लिहिलेलं असेल, तर पाटी हलली की पुढच्या अपडेटला तुमचं यंत्र नव्या घरात जायला निघेल. त्यापेक्षा ‘बुकवर्म’ किंवा ‘ट्रिक्सी’ असं नाव लिहा. मग घर कधी बदलायचं ते तुम्ही ठरवाल. घाईही नाही. प्रत्येक आवृत्तीला नियमित देखभाल तीन वर्षं मिळते आणि त्यापुढे आणखी दोन वर्षं मर्यादित स्वरूपात.

९ ऑगस्टला पाटी हलली आणि टेस्टिंगला नवं नाव मिळालं: ‘फोर्की’. चौथ्या चित्रपटात एक लहान मुलगी टाकाऊ काट्या-चमच्याला डोळे चिकटवून हे खेळणं बनवते, आणि ते स्वतःला कचराच समजून पुन्हा पुन्हा कचऱ्याच्या डब्याकडे धावतं. पाच महिने दाराशी अडवलेला माल त्या दिवसापासून पुन्हा आत येऊ लागला आणि सिडची मोडतोड नव्याने सुरू झाली. फोर्की कधी निघणार, असं तुम्ही विचाराल. पुढचं विषम वर्ष कोणतं, ते तुम्हीच मोजा. तारीख विचाराल, तर शिंप्याचं उत्तर तयार आहे.

(पुढच्या आठवड्यात : एक पॅकेज मागितलं की सोबत चाळीस का येतात? पॅकेजांच्या नातेसंबंधांची गोष्ट.)