जुनी स्विफ्ट घेताय? कागदावरचे आकडे आणि बॉनेटखालचं इंजिन, दोन्ही तपासा

सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की तालुक्याच्या ठिकाणी जुन्या गाड्यांच्या बाजारात वर्दळ वाढते. दवाखाना, मुलांची शाळा, लग्नकार्य यासाठी दारात एक चारचाकी असावी, असं अनेक कुटुंबांना वाटतं. नवीन गाडी परवडत नाही, मग नजर जाते ती जुन्या स्विफ्ट, डिझायर किंवा रिट्झवर. विकणारा म्हणतो, "मारुतीचं इंजिन आहे, डोळे झाकून घ्या." पण घेतलेल्या गाडीचं इंजिन सहा महिन्यांत खोलावं लागलं, तर अख्ख्या हंगामाची कमाई गॅरेजमध्ये जाते.

हे इंजिन चांगलं आहे, यात वाद नाही. मात्र ते टिकतं कशामुळे आणि बसतं कशामुळे, हे कळल्याशिवाय व्यवहार करू नये.

नेमकं इंजिन कोणतं?

२००५ साली आलेल्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये १,२९८ सीसीचं जुनं इंजिन होतं. त्यात टायमिंग बेल्ट असायचा. २००९ मध्ये रिट्झमधून १.२ लिटरचं 'के-सिरीज' इंजिन आलं आणि २०१० मध्ये ते स्विफ्टलाही बसलं. पुढे डिझायर, बलेनो, इग्निस आणि २०१९ नंतरच्या वॅगन-आरच्या १.२ मॉडेलमध्येही हेच घराणं चाललं.

इथे एक गल्लत नेहमी होते. 'के-सिरीज' हे नाव अल्टो के-१० आणि जुन्या वॅगन-आरच्या १ लिटर इंजिनलाही आहे, पण ती इंजिनं तीन सिलिंडरची आहेत. २०२४ च्या नव्या स्विफ्टमध्येही कंपनीने तीन सिलिंडरचं १.२ लिटर इंजिन दिलं आहे. त्यामुळे चार सिलिंडरची पेट्रोल स्विफ्ट हवी असेल, तर ती आता जुन्या बाजारातच मिळते.

आकड्यांचा अर्थ

या इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आहे. पिस्टन वर-खाली ७१.५ मिलिमीटर सरकतो. गणित मांडलं तर एका सिलिंडरमध्ये साधारण २९९ सीसी जागा होते. चार सिलिंडरचे मिळून झाले १,१९७ सीसी. आरसी बुकवर तोच आकडा असतो.

चार सिलिंडरचा फायदा काय? प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा ताकद देतो. चार सिलिंडर असले की दर अर्ध्या फेरीला एक ठोका पडतो, आणि ते १-३-४-२ अशा क्रमाने. तीन हजार आरपीएमवर एका सेकंदात असे शंभर ठोके पडतात. म्हणून हे इंजिन उभ्या गाडीत फारसं थरथरत नाही. विकत घेताना ही खूण उपयोगी पडते. चार सिलिंडरची गाडी उभी असताना हलत असेल, स्टिअरिंग थरथरत असेल, तर एखादा सिलिंडर नीट काम करत नसण्याची शक्यता आहे. कारण प्लग किंवा कॉइल असेल तर काम स्वस्तात होतं, पण कॉम्प्रेशन गेलेलं असेल तर खर्च मोठा.

ताकदीचे आकडे वर्षानुसार बदलत गेले. २०११ च्या स्विफ्टला ८७ पीएस आणि ११४ एनएम टॉर्क होता. २०१८ च्या मॉडेलला ८३ पीएस आणि ११३ एनएम. २०२१ मध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर असलेलं 'ड्युअलजेट' इंजिन आलं, त्याची ताकद ९० पीएस झाली, टॉर्क मात्र ११३ एनएमच राहिला.

पीएस म्हणजे इंजिनची जास्तीत जास्त ताकद आणि एनएम म्हणजे चाक फिरवण्याची ओढ. यात तिसरा आकडा महत्त्वाचा असतो, तो म्हणजे ही ओढ किती आरपीएमवर मिळते. या पेट्रोल इंजिनची पूर्ण ओढ चार हजारांच्या पुढे मिळते. त्याच काळातल्या डिझेल स्विफ्टला १९० एनएम फक्त दोन हजारांवर मिळायचे. म्हणून डिझेलवरून पेट्रोलवर आलेला माणूस म्हणतो, "गाडी ओढतच नाही." गाडीत पाच माणसं, डिकीत धान्याची पोती आणि समोर घाट असेल, तर एक गिअर कमी करून इंजिन फिरू द्यायचं. वरच्या गिअरमध्ये रेटत नेलं की इंजिन ठोकतं, आणि ती ठोक पिस्टनला मारक असते.

टिकतं कशामुळे?

या इंजिनमध्ये टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो, चेनला तसं नसतं. चार प्लगना चार स्वतंत्र कॉइल आहेत, त्यामुळे एक कॉइल गेली तरी गाडी लंगडत का होईना घरी पोहोचते. टर्बो नाही, त्यामुळे त्याचा वेगळा खर्च नाही. सुटे भाग तालुक्याला मिळतात आणि बहुतेक मिस्त्रींचा हात या इंजिनवर बसलेला आहे. ग्रामीण भागात हा शेवटचा मुद्दा कागदावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा आहे.

बसतं कशामुळे?

*ऑईल.* या इंजिनला पातळ ऑईल लागतं. कोणता ग्रेड, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पण घरात ट्रॅक्टरसाठी आणलेला डबा असतो, तेच जाड ऑईल गाडीत ओततात. चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी व्हीव्हीटी यंत्रणा, दोन्ही ऑईलच्या दाबावर चालतात. ऑईल चुकीचं किंवा काळं झालेलं असेल, तर चेन ढिली पडून वाजू लागते. दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी होईल तेव्हा ऑईल आणि फिल्टर बदलावाच. "गाडी फिरलीच नाही, मग ऑईल कशाला?" हा विचार महागात पडतो, कारण ऑईल उभ्या गाडीतही जुनं होतं.

*पाणी.* इंजिनचा ब्लॉक आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. ते वजनाला हलकं, पण अति तापलं की वाकतं. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी टाकलं, तर पाणी तापवायच्या पातेल्याला बसतो तसा पांढरा थर आतल्या वाटांत बसतो. पाणी फिरत नाही, गाडी तापते. तापलेली गाडी "पुढच्या गावापर्यंत नेऊ" म्हणत चालवली, की हेड गॅस्केट गेलंच समजा. काटा किंवा लाल दिवा वर आला की गाडी बाजूला घेऊन बंद करावी. इंजिन थंड झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नये, वाफेने हात-तोंड भाजतं.

*हवा.* मातीच्या रस्त्यावर आणि ऊसतोडणीच्या दिवसांत एअर फिल्टर लवकर भरतो. फिल्टर फाटला किंवा नीट बसला नाही, तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा घासते. मग गाडी ऑईल खायला लागते.

पावसाळ्यात आणखी एक धोका. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं, तर पिस्टनला ते दाबता येत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नये, ढकलून बाहेर काढून मिस्त्रीला दाखवावी.

सीएनजी आणि इथेनॉल

जुन्या गाडीला बाहेरून गॅस किट बसवलेलं असेल, तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक, आरसीवर सीएनजीची नोंद आहे का. दोन, व्हॉल्व्हचा आवाज येतो का. गॅस कोरडा असतो, त्यामुळे व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटची झीज पेट्रोलपेक्षा जास्त होते. ताकदही उतरते. कंपनीच्याच २०२२ च्या सीएनजी स्विफ्टला गॅसवर ७७.५ पीएस आणि ९८.५ एनएम मिळत होते.

इथेनॉलचा विषय तर थेट उसाच्या शेताशी जोडलेला आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. दहा-बारा वर्षं जुनी गाडी मात्र १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनलेली असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. म्हणजे १८ देणारी गाडी १७ च्या आसपास येते. त्यामुळे इंजिन लगेच बसत नाही, पण जुने रबरी पाइप आणि सील वरचेवर तपासायला हवेत. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल, तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नये.

पैसे देण्याआधी काय पाहायचं?

१. गाडी पूर्ण थंड असताना सकाळी जावं. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं.

२. स्टार्ट करताच बॉनेटच्या बाजूने खडखड येते का, ते ऐकावं. दोन-तीन सेकंदांनंतरही आवाज राहिला, तर चेन किंवा टेन्शनरची शंका घ्यावी.

३. सायलेन्सर पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ चालते, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल तर पाणी आत जातंय.

४. ऑईल भरण्याचं झाकण उघडावं. आत दुधाळ चहासारखा थर दिसला, तर ऑईलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी. इंजिन थंड असताना कूलंटही पाहावं. रंग गंजासारखा असेल, तर साधं पाणी वापरलेलं आहे.

५. आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. एकच आकडा खाली आला असेल, तर तिथे खर्च आहे.

६. मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नये. सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. दर वर्षीची ऑईल बदलल्याची पावती असेल, तर एक लाख किलोमीटर चाललेली गाडीही चांगली. पावत्या नसतील, तर चाळीस हजारांच्या मीटरलाही अर्थ नाही.

७. आरसीची मुदत पाहावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यामुळे २०११ ची गाडी २०२६ मध्ये नूतनीकरणाला येते, तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी.

विकणाऱ्याने थंड इंजिन दाखवायला, कॉम्प्रेशन मोजू द्यायला किंवा सर्व्हिसच्या पावत्या दाखवायला नकार दिला, तर तिथेच थांबावं. हे इंजिन हजारो गाड्यांत आहे, त्यामुळे दुसरी गाडी मिळेल. एकदा दिलेले पैसे मात्र परत मिळणं अवघड असतं.