रॉकमधले गायक-नट: प्रॉगच्या पाच दशकांचा मागोवा

अक्कलकोटचा रहिवासी आणि प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे प्रॉगचा, चाहता एकाच माणसात नांदू शकतात, यावर पुण्या-मुंबईकडच्या मंडळींचा चटकन विश्वास बसत नाही. गाव स्वामी समर्थांचं. पहाटे काकड आरती, दिवसभर प्रसादाच्या दुकानांतून अजित कडकडेंचा आवाज, एस.टी. स्टँडच्या आसपास मराठीइतकीच कन्नड गाणी. प्रॉग रॉकचा जलसा इथे झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. ही गाणी इकडे आली ती पुण्याला शिकायला गेलेल्या मुलांच्या बॅगेतून, एकावरून दुसरी भरलेल्या कॅसेटच्या रूपानं. पण रात्रभर चालणारं भजन ऐकून तयार झालेल्या कानाला वीस मिनिटांच्या गाण्याची धास्ती वाटत नाही, हेही खरं.

या संगीताच्या चाहत्यांत एक वाद कायम रंगतो. प्रॉगमधला थोर गायक कोण? वाद बहुतेक वेळा आवाजाच्या पट्टीवर येऊन अडकतो: कोण किती वर जातो, कोणाचे सप्तक किती. या मोजमापात निम्मे मोठे गायक नापास होतात आणि नुसते तयारीचे गायक पहिल्या नंबरात पास. 1969पासूनची वाटचाल नीट पाहिली, तर निकष वेगळाच निघतो: गाताना पात्र होता येणं. आपल्याकडे हे साधणाऱ्याला नाव आहे: गायक-नट.

सुरुवात ऑक्टोबर 1969ला धरतात. किंग क्रिमसनचा पहिला अल्बम, ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’, त्या महिन्यात निघाला. गायक ग्रेग लेक, वय अवघं एकवीस. पहिल्या गाण्यात त्याचा आवाज मुद्दाम फाटका, यंत्रातून काढलेला, संतापलेला. ते गाणं संपतं आणि लगेच दुसऱ्यात तोच माणूस मऊ, जवळजवळ कुजबुजल्यासारखा गातो. आवाज कमावलेला आहे म्हणून तो एकाच थाटात मिरवायचा, असं लेकनं केलं नाही. गाण्याला जे पात्र हवं, त्या पात्राचा आवाज त्यानं लावला. पुढच्या दहा वर्षांची दिशा इथेच ठरली.

1972 हे या संगीताचं सुगीचं वर्ष. जेथ्रो टलनं ‘थिक ॲज अ ब्रिक’ काढला. तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं. येसचं ‘क्लोज टू द एज’ अठरा मिनिटांहून लांब. जेंटल जायंटनं ‘ऑक्टोपस’मध्ये माणसांचे आवाज एकमेकांत असे गुंफले की मुख्य गायक कोण हा प्रश्नच उरला नाही. आणि जेनेसिसच्या ‘फॉक्सट्रॉट’मध्ये आलं ‘सपर्स रेडी’, सुमारे तेवीस मिनिटांचं.

या शेवटच्या गाण्यापाशी थोडं थांबायला हवं. त्याचे सात भाग आहेत. जेनेसिसचा गायक पीटर गॅब्रिएल कधी घरात बसलेला प्रियकर होतो, कधी लबाड धर्मगुरू, कधी शाळकरी पोरांसारखा चेष्टेखोर. प्रत्येक भागात उच्चार बदलतो, श्वास घेण्याची जागा बदलते. शेवटाकडे नऊ मात्रांचा एक भाग येतो. खाली ड्रम, बास आणि गिटार त्या नऊ मात्रा ठोकत राहतात आणि वर टोनी बँक्सचा ऑर्गन आपल्याच चालीनं वाहतो. ही जागा बँक्सनं वाद्यासाठी राखली होती. गॅब्रिएलनं तिच्या शेवटावर शब्द चढवले. बँक्स आधी चिडला, मग ऐकल्यावर त्यालाही पटलं. ऐकताना कळतं की गॅब्रिएल मात्रा मोजत गात नाही. वाक्य जिथे संपायला हवं तिथे ते संपतं आणि सम आपली आपण येऊन मिळते. ठेका अवघड आहे हे श्रोत्याला जाणवू न देणं, ही या गायकाची पहिली कसोटी. रूपक आणि झपताल अंगात मुरलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ सात मात्रांत चालतं, आणि ते जगभर लोक सहज गुणगुणतात.

त्याच वर्षी सप्टेंबरात डब्लिनच्या कार्यक्रमात गॅब्रिएल बायकोचा लाल झगा आणि डोक्यावर कोल्ह्याचा मुखवटा घालून रंगमंचावर आला. बँडमधल्या सोबत्यांनाही त्यानं आधी सांगितलं नव्हतं. इंग्लंडच्या वृत्तपत्रांना त्याचं केवढं नवल! बालगंधर्वांचा शालू पाहिलेल्या महाराष्ट्राला पुरुषानं बाईचा वेश घेऊन गाण्यात फारसं नवल वाटलं नसतं. आपण फक्त विचारलं असतं: वेश ठीक, पण भूमिका साधली का? साधली होती.

येसच्या जॉन अँडरसनची गोष्ट उलटी. त्याचा आवाज जन्मजात उंच, निर्मळ. शब्दांचा मात्र अर्थ लागता लागत नाही. इंग्रजांनाही लागत नाही. तरी गाणं पोचतं, कारण तो अक्षरांची निवड नादावरून करतो. अक्कलकोट तालुक्यात हे कोडं पडत नाही. कन्नडचा गंध नसलेली माणसंही इथे कन्नड भजनात टाळ धरून तल्लीन होतात. शब्द कळायच्या आधी सूर कळतो, हा इथला रोजचा अनुभव.

नादाचा हाच धागा टोकाला नेला क्लेअर टोरीनं. जानेवारी 1973, लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये रिचर्ड राइटच्या पियानोवर बाईचा आवाज हवा होता. टोरी स्टुडिओत मोलानं गाणारी, पंचविशीतली. शब्द नाहीत, चाल नाही. विषय मृत्यू, एवढंच सांगितलं. पहिल्यांदा तिनं नेहमीच्या रॉक गाण्यातले हुंकार टाकून पाहिले. ते नको, म्हणाले. मग तिनं ठरवलं की आपण गायिका नाही, एक वाद्य आहोत. दोन-तीन वेळा ध्वनिमुद्रण झालं. आधी किंकाळी, मग विनवणी, शेवटी शरणागती. गाऊन झाल्यावर आपण भलतंच काही केलं की काय, या संकोचानं ती निघून गेली. मानधन मिळालं तीस पौंड. रचनेत आपलाही वाटा आहे म्हणून तिनं 2004मध्ये दावा लावला. 2005मध्ये तडजोड झाली आणि राइटच्या नावाशेजारी तिचं नाव आलं. आलापी करणाऱ्याला रचनाकार मानायचं की नाही, हा वाद आपल्या मैफिलीत कधी कोर्टापर्यंत गेला नाही. तिकडे गेला, आणि निकाल गाणाऱ्याच्या बाजूनं लागला म्हणायला हरकत नाही.

आता मुंबईकडे वळू. 1974मध्ये ॲलेक पदमसींनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा मुंबईत उभा केला. रॉक ऑपेरा म्हणजे प्रॉगचा सख्खा भाऊ: लांब कथा, एकात एक गुंतलेली गाणी, मध्येच पाच मात्रांचा ठेका. त्यात ज्यूडास झाले नंदू भेंडे. मराठी रंगभूमीवरचे आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे हे चिरंजीव. ‘वेल्व्हेट फॉग’ या बँडमध्ये ते रॉक गात होते. ज्यूडासची भूमिका गायकाची परीक्षा घेणारी आहे. तो गद्दार, पण नाटकात त्याचीच बाजू सर्वांत जास्त ऐकवली जाते. नुसता वरच्या पट्टीत ओरडला तर खलनायक होतो, गोड गायला तर भूमिका पडते. नटाच्या घरात वाढलेल्या भेंड्यांना हे फार शिकवावं लागलं नसावं.

चारच वर्षांनी, 1978ला, त्यांनी मराठीत याहून धाडसी काम केलं. बर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या 1928च्या जर्मन संगीतिकेचं पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं होतं. पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं ते रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक जब्बार पटेल म्हणजे आमच्या सोलापुरात शिकलेले. त्यात नाट्यसंगीत होतं, लावणीचा बाज होता, आणि अंकुश नागावकरच्या भूमिकेत नंदू भेंडे पाश्चात्त्य ढंगात गात होते. मराठी प्रेक्षकासमोर रॉकचा गळा मराठी शब्द घेऊन, पात्र होऊन उभा राहिला. एप्रिल 2014मध्ये भेंडे गेले. मुंबईच्या रॉकवर बोलताना त्यांचा उल्लेख होतो, मराठी नाटकावर बोलतानाही होतो. पण हे दोन्ही एकाच माणसाचे एकाच जातीचे गुण होते, हे फारसं कुणी म्हणत नाही.

प्रॉगची घसरण का झाली, याचं उत्तरही आपल्याच रंगभूमीवर सापडतं. ‘वन्स मोअर’च्या नादात संगीत नाटकातला गायक इतका गाऊ लागला की नाटक ताटकळत उभं राहिलं. प्रॉगमध्ये तेच वादकांनी केलं. सोलोमागून सोलो, त्यात गायक रंगमंचाच्या कडेला खुळखुळा वाजवत थांबलेला. गॅब्रिएलनं 1974मध्ये ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’त न्यूयॉर्कच्या रेएल या पोराची भूमिका चार बाजूंच्या अल्बमभर निभावली आणि 1975ला बँड सोडला. त्याची जागा ड्रमर फिल कॉलिन्सनं घेतली. कॉलिन्स गोड गायचा, नेटकं गायचा. भूमिकेत मात्र तितका शिरत नव्हता. तिकडे 1976-77ला पंक आलं आणि लांब गाणी एकदम जुनाट ठरली. कॅनडाच्या रश या बँडनं त्याच सुमारास ‘2112’ काढून दाखवलं की गायक शाबूत असेल तर वीस मिनिटं अजूनही ऐकवता येतात. त्यांचा गायक गेडी ली कथेतल्या पुजाऱ्यांसाठी किंचाळतो आणि गिटार सापडलेल्या मुलासाठी हळू गातो. एकच गळा, दोन माणसं.

पुढचा काळ झपाट्यानं सांगता येईल. ब्रिटनमध्ये मारिलियनचा गायक फिश यानं 1985च्या ‘मिसप्लेस्ड चाइल्डहूड’मध्ये गॅब्रिएलचा वारसा चालवला. 1992ला ड्रीम थिएटरच्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’नं प्रॉगला मेटलची धार दिली. गायक जेम्स लाब्री तयारीचा, पण वाद्यांच्या गर्दीत त्याला पात्र व्हायला उसंत कमी मिळाली. इकडे मुंबईत 1984ला रॉक मशीन हा बँड सुरू झाला. लोकांना परक्या बँडची गाणी हवी असताना 1988ला त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. 1993ला नाव बदलून इंडस क्रीड झालं. गायक उदय बेनेगल सुरुवातीला रंगमंच दणाणून सोडणारे म्हणून गाजले. मधल्या खंडानंतर 2012ला ‘इव्हॉल्व्ह’ आला तेव्हा गाणी लांबली होती, वळणदार झाली होती, आणि बेनेगल कमी जोरात, जास्त समजून गात होते. गायकाचं वय प्रॉगच्या पथ्यावर पडतं, याचं हे चांगलं उदाहरण. पुढच्या वर्षी मुंबईच्या ‘कोशिश’ या बँडनं ‘फिरदौस’ हा हिंदी संकल्पना-अल्बम काढला. त्यात मंगेश गांधींचा आवाज कथा सांगणाऱ्याचा आहे, टाळ्या घेणाऱ्याचा नाही. 2016ला पुण्याच्या एनएच7 वीकेंडर या संगीत महोत्सवात इंग्लंडचा प्रॉग गायक स्टीव्हन विल्सन गायला. आवाज म्हणाल तर साधा, शेजारच्या माणसाचा. तरी हजारो लोक चिडीचूप.

एवढा मागोवा घेतल्यावर निकाल द्यायचा तर असा. प्रॉगमधल्या मोठ्या गायकाच्या अंगी तीन गोष्टी असाव्यात. विषम ठेक्यात वाक्य सहज बोलल्यासारखं म्हणता यावं. एका गाण्यात दोन-तीन माणसं उभी करता यावीत. आणि वाद्यांची पाळी आली की न कुरकुरता गप्प राहता यावं, परत येताना मात्र आधीचा धागा तसाच हातात असावा. पट्टी आणि सप्तकं यानंतर. या कसोटीवर मी पहिला मान गॅब्रिएलला देतो, आणि आपल्याकडचा नंदू भेंडेंना.

ठेका, भूमिका आणि लांब बैठक या तिन्ही गोष्टी मराठी माणसाच्या घरातल्या आहेत. उसन्या आणाव्या लागणार नाहीत. तेव्हा मराठीत कुणी असा दीर्घ रॉक अल्बम करायला घेतलाच, तर माझी एक विनंती आहे. गायक निवडताना त्याची पट्टी शेवटी तपासा. आधी त्याला एखाद्या नाटकातलं स्वगत म्हणायला लावा.