थंडीत डिझेल गाडी का रुसते?
पहाटे सेल मारून बॅटरी उतरवण्याआधी धूर पाहा; दोष तोच सांगतो

दिवाळी सरली की निफाड, सिन्नर, धुळे, जळगाव या पट्ट्यात पहाटेचा गारठा वाढू लागतो. काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली जातो. द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, आणि त्याच वेळी गावोगावच्या ओट्यांसमोर जुन्या जीपगाड्यांचा 'खर्र खर्र' आवाज सुरू होतो. सेल मारून मारून बॅटरी बसते, पण गाडी काही उठत नाही. डेअरीची वेळ टळते, भाजीचा लिलाव हुकतो. घरात बाळंतीण अडलेली असेल, कुणाला विंचू-काटा झाला असेल, तर हाच अर्धा तास जिवावर बेततो. म्हणून थंडी वाढण्याआधीच हा विषय समजून घेतलेला बरा.

डिझेलला ठिणगी नसते

पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगची ठिणगी इंधन पेटवते. डिझेलमध्ये तसे काही नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि नोझलमधून आलेले डिझेल त्या उष्णतेने आपोआप पेटते. रात्रभर गारठलेल्या इंजिनात ही उष्णता थंड लोखंड ओढून घेते. जुन्या डिझेल अॅम्बेसेडर, प्यूजो इंजिनच्या महिंद्रा जीप, १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो अशा गाड्यांत ज्वलनासाठी वेगळा छोटा कप्पा असतो. तो लवकर थंड होतो, म्हणून तिथे हीटर प्लग बसवलेले असतात. डीआय, म्हणजे थेट पिस्टनवर डिझेल मारणाऱ्या ट्रॅक्टरच्या जातीच्या इंजिनात बहुधा हीटर नसतात. ती इंजिने कॉम्प्रेशन आणि सेलच्या वेगावरच उठतात. आपली गाडी यातली कोणती, हे आधी मिस्त्रीला विचारून ठेवा.

आधी कान, मग डोळे

पहिली परीक्षा कानाची. सेल मारल्यावर इंजिन नेहमीच्या जोमाने फिरते का? धापा टाकत, रडत फिरत असेल तर दोष डिझेलचा नाही, विजेचा आहे. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जड जाते. असा दोन्हीकडून मार बसतो. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल मारताना ती साडेनऊच्याही खाली येत असेल तर बॅटरी कामाला आली आहे किंवा चार्ज नाही. नवी बॅटरी घेण्याआधी मात्र टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवा, क्लॅम्प आवळा, आणि इंजिनपासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी पाहा. ही पट्टी गंजलेली असली की चांगली बॅटरीसुद्धा नापास ठरते.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. इंजिन जोमात फिरते, तरी उठत नाही. आता एकाने सेल मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरमागे उभे राहावे.

पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे, पण पेटत नाही. दोष हीटरचा किंवा कॉम्प्रेशनचा.

धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही. दोष टाकी, फिल्टर, हवा किंवा पंपाच्या सोलेनॉइडचा.

एवढे जरी मिस्त्रीला सांगता आले, तरी 'पंप उघडावा लागेल' या वाक्याने सुरू होणारा मोठा खर्च पुष्कळदा वाचतो.

हीटर तपासणे घरचे काम

जुन्या गाडीत हीटर वीस-तीस सेकंद तापवावा लागतो. चावी फिरवून लगेच सेल मारण्याची घाई नडते. हीटर तपासायला बारा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन वायरी पुरतात. हीटरवरची वायर किंवा पट्टी सोडवा. बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी हीटरच्या टोकाला लावा. बल्ब लागला तर हीटरची तार शाबूत आहे, नाही लागला तर तो गेला. चारपैकी दोन गेले की पहाटे गाडी उठणे कठीण. चारही चांगले असतील तर त्यांना वीज देणारा रिले आणि फ्यूज पाहा. फार जुन्या काही इंजिनांत हीटर एकामागून एक जोडलेले असतात. तिथे एक गेला की सगळे बंद पडतात आणि ही बल्बची रीत चालत नाही.

हीटर ठीक, तरी पांढरा धूर येतच असेल तर टॅपेट तपासून घ्या. टॅपेट घट्ट झाले की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटते. बोअरचे काम काढण्याआधी हे स्वस्तातले काम करून पाहावे.

रात्रीतून हवा धरली तर

गाडी संध्याकाळी नीट चालली, पहाटे मात्र धूर नाही, हे हवा धरल्याचे लक्षण. सैल क्लिप, चिरलेली रबरी नळी किंवा फिल्टरचे खराब वॉशर यांतून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरते. सेल मारण्याआधी हातपंप दाबून पाहा. तो पोकळ लागला आणि बरेच झटके मारल्यावर कडक झाला, तर गळती नक्की. फिल्टरवरचा एअर काढायचा बोल्ट सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा आणि बोल्ट आवळा. चावी चालू करताच पंपावरच्या सोलेनॉइडचा 'टिक' आवाज आला पाहिजे. तो नसेल तर वायर तपासा.

नव्या कॉमन रेल गाड्यांच्या नोझलच्या नळ्या मात्र कधीही सैल करू नका. तिथला दाब कातडी फोडून आत शिरतो.

बॅरलमधले डिझेल

शेतावर बॅरल भरून ठेवण्याची आपली रीत आहे. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो, थंडीत तो गोठून फिल्टर तुंबवतो. भारतीय मानकानुसार फिल्टर तुंबण्याची मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश, तर हिवाळी डिझेलला ६ अंश आहे. म्हणजे मे महिन्यात भरलेले डिझेल जानेवारीच्या पहाटे दगा देऊ शकते. शिवाय बॅरलच्या तळाशी पाणी साचते. जुने डिझेल थंडीआधी संपवा आणि फिल्टरखालचा बोल्ट सोडून पाणी काढत जा.

हे करू नका

टाकीखाली किंवा चेंबरखाली काकडा पेटवणे म्हणजे घरासकट गाडी गमावणे. हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या हीटरवर तो अवेळी भडकतो, पिस्टन फुटू शकतो. पंपावर उकळते पाणी ओतू नका. फार तर कोमट पाण्यात पिळलेले फडके फिल्टरवर गुंडाळा. ट्रॅक्टरने ओढताना लक्षात ठेवा, इंजिन बंद असते तेव्हा ब्रेकला बूस्टरची मदत नसते. सेल दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

थंडीआधीची चार कामे

बॅटरी व अर्थिंग साफ करणे, हीटर बल्बने तपासणे, डिझेल फिल्टर बदलणे, आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल घालणे. ही कामे एका दुपारची आहेत. ज्या गावात रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी एकच गाडी धावते, तिथे ग्रामपंचायतीने दिवाळीच्या सुमारास गाडीमालकाला याची आठवण करून द्यावी. कारण ती गाडी पहाटे उठली नाही, तर अडचण एकट्या मालकाची राहत नाही.