गळाची काठी आणि रीळ : निवड, उपयोग व निगा

शाळेला सुटी लागली की आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांची पावले आपोआप पाण्याकडे वळतात, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहो. जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांस परमेश्वराने नद्यांचे दान सढळ हाताने दिले आहे. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या नद्या सह्याद्रीच्या कुशीतून निघतात, आणि माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या पाच धरणांनी त्यांचे पाणी जागोजाग अडविलेले आहे. पूर्वी मुले वेळूची काठी, हातभर दोरा आणि गांडूळ एवढ्यावर समाधान मानीत. अलीकडे मात्र बाजारात चकचकीत विलायती रिळे मिळू लागली आहेत, व ती विकत घेऊन द्यावी म्हणून मुले वडिलांजवळ हट्ट धरतात. दोन-तीन पालकांनी आम्हास याविषयी विचारलेही. यास्तव या विषयाची चार शब्दांत माहिती देण्याचे योजिले आहे.

गळाने मासे धरण्याची कला फार प्राचीन आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात प्रभूने पेत्रास समुद्रात गळ टाकावयास सांगितल्याची कथा आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. पेत्र हा जाळ्याचा कोळी. पण त्या दिवशी त्यास एकच मासा हवा होता, म्हणून गळ. जाळे व गळ यांतील भेद हाच. जाळे सरसकट सर्वांस ओढते. गळवाल्यास मात्र एकाच माशाशी, समोरासमोर, धीराने वागावे लागते.

आता रिळाचे दोन मुख्य प्रकार पाहू. पहिल्या प्रकारात रीळ स्वतः स्थिर असते व दोरा त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जातो. सूतगिरणीतील चात्यावरून सूत सुटते, तसाच हा प्रकार. ही युक्ती इंग्लंडातील लोकरीच्या धंद्यातील इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थास सुचली व त्यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. दुसऱ्या प्रकारात रीळ स्वतः गरगर फिरते व दोरा सरळ पुढे जातो. पतंगाची फिरकी ज्यांनी हाती धरली आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको. या दुसऱ्या प्रकारास बेटकास्टिंग रीळ असे म्हणतात. अमेरिकेतील केंटकी प्रांतात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने सुमारे १८२० च्या सुमारास दातेरी चक्रे बसवून असे रीळ तयार केले. आजच्या रिळात मुठीचा एक फेरा केला असता रिळाचे सहा-सात फेरे होतात, ते याच चक्रांमुळे. अमेरिकेत हे रीळ मुख्यतः बास नावाच्या माशासाठी वापरतात. बास हा आपल्या नद्यांतला मूळचा मासा नव्हे. परंतु त्याच्याच स्वभावाची, झुडपांच्या आड दबा धरून भक्ष्यावर झडप घालणारी मरळ आपल्या तळ्यांत व संथ डोहांत आहे. म्हणून हे साधन आपल्याकडेही उपयोगी पडते.

निवड कशी करावी? ज्याने कधीच रीळ हाताळले नाही त्याने प्रथम स्थिर रीळच घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हलके आमिष फेकण्यास ते सोयीचे व शिकण्यास सोपे असते. फिरते रीळ चालविण्यास आमिषाचे वजन निदान दहा ग्रॅम तरी असावे लागते; त्याहून हलके आमिष जड रिळास पुरेसा वेग देऊ शकत नाही. तथापि नेम धरून आमिष टाकणे, पाणवनस्पतींतून दांडगा मासा ओढून काढणे, या कामी फिरत्या रिळाची बरोबरी दुसऱ्याने होत नाही. काठी रिळाला साजेशी हवी. फिरत्या रिळाच्या काठीवर कड्या वरच्या बाजूस येतात व मुठीखाली बोट अडकविण्यास आकडा असतो. स्थिर रिळाच्या काठीस कड्या खाली लोंबतात व पहिली कडी बरीच मोठी असते. एकाचे रीळ दुसऱ्याच्या काठीस लावू नये. साडेसहा ते सात फूट लांबीची, मध्यम ताकदीची व शेंड्याकडे लवणारी काठी शिकाऊ मुलास पुरे. दोरा साधारण सहा किलो वजन पेलणारा नायलॉनचा घ्यावा. मरळीसाठी दाट गवतात गळ टाकावयाचा असेल तर विणीचा अधिक मजबूत दोरा लागतो. किमतीविषयी एवढेच सांगतो की, महाग रीळ घेऊन निष्काळजीपणे वापरण्यापेक्षा साधे रीळ घेऊन जपणे शतपटीने बरे.

फिरत्या रिळाची एक खोड आहे, ती समजून घेतल्यावाचून त्याला हात लावू नये. विहिरीवर रहाटाने पाणी काढताना आपण काय पाहतो? बादली सोडली की रहाट वेगाने फिरतो. बादली पाण्याला टेकली तरी तो आपल्या वेगाने फिरतच राहतो आणि दोर सैल पडून वेटोळी होतात. रिळाचे तसेच होते. आमिष हवेत मंदावते किंवा पाण्यात पडते, पण रीळ थांबत नाही. ते दोरा सोडीतच राहते व त्याचा असा गुंता होतो की सोडविता सोडविता संध्याकाळ होते. यावर उपाय दोन. पहिला उपाय रिळातील रोधाचा. रिळाच्या बाजूस एक लहान चाकी असते. आमिष शेंड्यापासून लोंबत ठेवून बटण दाबावे व ती चाकी अशी बेताची आवळावी की, आमिष सावकाश खाली उतरेल आणि जमिनीस टेकताच रीळ थांबेल. काही रिळांत लोहचुंबकाचा, तर काहींत फिरत्या वजनांचा रोध निराळा असतो. आरंभी तो अधिक ठेवावा व हात बसत जाईल तसा कमी करावा. दुसरा उपाय म्हणजे आपला अंगठा. फेकीच्या आधी अंगठा रिळावर दाबून धरावा, फेकीच्या ऐन क्षणी उचलावा, आणि आमिष पाण्याजवळ येताच पुन्हा हलकेच टेकवावा. हा अंगठा पुस्तकाने शिकत नाही. त्यास घरामागच्या पटांगणात गळ काढून, नुसते वजन बांधून, आठवडाभर सराव द्यावा लागतो.

आता ड्रॅगविषयी, कारण याच्याशी आमची स्वतःची एक लाजिरवाणी आठवण जोडलेली आहे. मासा जोराने ओढू लागला असता दोरा तुटू नये, म्हणून ठराविक ओढ बसताच रीळ आपण होऊन दोरा सोडते. या योजनेस ड्रॅग म्हणतात. दोरा जितके वजन पेलतो त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतक्या ओढीला तो सुटला पाहिजे. सहा किलोच्या दोऱ्यास दीड ते दोन किलो. शाळेच्या प्रयोगशाळेतील ताणकाटा दोऱ्यास अडकवून हे सहज तपासता येते. दोरा जसजसा संपत जातो तसतसा रिळावरील वेटोळ्यांचा व्यास लहान होतो व तीच पकड अधिक ओढीची बनते. व्यास निम्मा झाला तर ओढ दुप्पट होते. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांनी याचे कारण स्वतः शोधावे.

काही वर्षांपूर्वी आम्ही येडगावच्या पाण्याकाठी आठवीतील दोन मुलांसह गेलो होतो. आदल्या पावसाळ्यात वापरलेले रीळ आम्ही न धुता, ड्रॅग करकचून आवळलेल्या स्थितीत, तसेच पेटीत टाकले होते. दोराही दोन वर्षांचा जुना होता. दुपारी एका मोठ्या माशाने आमिष गिळले. काठी वाकली, रिळाने दोरा सोडावयास हवा होता, पण आतील चकत्या एकमेकींस चिकटून बसल्या होत्या. एक हिसका, आणि दोरा तुटला. मासा गेला याचे आम्हास फारसे वाटले नाही. परंतु जवळ उभ्या असलेल्या मुलाने विचारले, “सर, तो आता तोंडात गळ घेऊन कसा जगेल?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आळस आमचा आणि शिक्षा त्या मुक्या जिवास, असा तो न्याय झाला. निगा राखणे म्हणजे केवळ आपले पैसे वाचविणे नव्हे, हा धडा त्या दिवशी विद्यार्थ्याने शिक्षकास दिला.

म्हणून निगेचे नियम सांगतो, ते पाठ करावे. घरी येताच ओल्या फडक्याने रीळ व काठी पुसावी. चिखल असेल तर स्वच्छ पाण्याने हळुवार धुवावी, नळाच्या जोराच्या धारेखाली धरू नये, कारण त्याने रेती आत शिरते. सावलीत वाळवून ड्रॅग सैल करून ठेवावा. फिरत्या टोकांस तेलाचा एकच थेंब, दातेरी चक्रांस थोडेसे ग्रीस. अधिक तेलाने धूळ चिकटते. ड्रॅगच्या चकत्यांस मात्र तेल लागू देऊ नये. कापसाचा पुंजका प्रत्येक कडीतून फिरवावा. तंतू अडकला तर कडीस तडा गेला असे समजावे, कारण तीच तडा दोरा कापते. नायलॉन उन्हाने कुजतो, यास्तव तो दरवर्षी बदलावा आणि तुटलेले तुकडे पाण्यात न टाकता घरी आणावे. पाखरांचे पाय त्यांत अडकतात. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी.

जिवाच्या सुरक्षिततेविषयी तीन गोष्टी पालकांनी विशेष ध्यानात घ्याव्या. कर्बतंतूच्या काठीतून वीज वाहते; नदीकाठच्या पंपांच्या तारांखाली ती कधीही उभी धरू नये, आणि ढग गडगडू लागताच खाली ठेवावी. धरणाच्या निसरड्या काठावर मुलांस एकटे पाठवू नये. आणि आपला मुलूख बिबट्यांचा आहे. दिवस मावळण्यापूर्वी उसाच्या कडेची वाट सोडून घरी यावे.

शेवटी पाण्यावरील हक्काविषयी. डिंभे धरणाच्या जलाशयाखाली जुने आंबेगाव बुडाले. ज्यांची शेते त्या पाण्याखाली गेली, त्या आदिवासी कुटुंबांनी पुढे सहकारी संस्था काढून त्याच पाण्यात मासेमारीवर निर्वाह चालविला, आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या शाश्वत या संस्थेस २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. आपली ती करमणूक, त्यांची ती भाकरी. म्हणून परवानगी विचारल्यावाचून तेथे गळ टाकू नये. तसेच पावसाळ्यात मरळ आपल्या तांबूस पिलांच्या थव्याची राखण करीत असते. त्या आईबापांस गळाने ओढून काढू नये, कारण मागे राहिलेली पिले इतर माशांच्या तोंडी पडतात. आणि खडस मिळाली तर हात ओले करून ती अलगद पाण्यात सोडावी. कर्नल साईक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळील मुळा-मुठेच्या याच माशाचे वर्णन करून त्याच्या शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा आपल्याकडील शब्द गोविला. पुढे हा मासा इतका घटला की लोणावळ्याजवळ टाटांच्या वीज कंपनीस त्याची पिले मुद्दाम वाढवून पाण्यात सोडावी लागली.

ज्या मुलाने तो प्रश्न विचारला, तो आता मोठा झाला आहे. मागील उन्हाळ्यात तो भेटावयास आला तेव्हा त्याच्या हाती एक जुनेच रीळ होते, पण त्याचा ड्रॅग सैल केलेला होता व दोरा नवा होता. आम्ही ते हाती घेऊन पाहिले, आणि काही न बोलता परत दिले.