वाकलेलं पातं

लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात 1837 च्या फेब्रुवारीत सहा टनांच्या एका छोट्या बोटीच्या चाचण्या चालल्या होत्या. ती बनवणारा फ्रान्सिस पेटिट स्मिथ मेंढ्या पाळणारा शेतकरी होता. आदल्याच वर्षी त्यानं पाण्याखाली फिरणाऱ्या मळसूत्राचं पेटंट घेतलं होतं. हे मळसूत्र लाकडाचं होतं आणि त्याला दोन पूर्ण वेढे होते. एका चाचणीत ते कशावर तरी आदळलं आणि निम्मं तुटून पडलं. बोट मंदावण्याऐवजी जास्त जोरात पळू लागली! स्मिथनं तुटका तुकडा परत जोडला नाही. त्यानं एकाच वेढ्याचं नवं मळसूत्र बसवलं आणि त्याच वर्षी बोट खुल्या समुद्रात नेऊन दाखवली.

पंखा, म्हणजे बोटीचं हे मळसूत्र, मोडल्यानं कुणाचं भलं झाल्याची दुसरी गोष्ट मला माहीत नाही. पुढे 1845 मध्ये इंजिनिअर ब्रुनेलच्या ‘ग्रेट ब्रिटन’ या लोखंडी जहाजाच्या सहा पात्यांच्या पंख्याची पाती अटलांटिकच्या प्रवासात तुटली. शेवटी त्या जागी चार पात्यांचा ओतीव पंखा आला. म्हणजे दुरुस्त करायचा की बदलायचा, हा प्रश्न पंख्याइतकाच जुना आहे. रत्नागिरी, हर्णै, देवगड, मालवणच्या बंदरांत तो आजही रोज उभा राहतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा घाईत दिलं जातं.

घाईला कारण आहे. बोट मोठी असेल तर पंख्यापाशी पोचायलाच भरती-ओहोटीची वेळ साधावी लागते. उधाणाच्या भरतीला बोट जितकी वर घेता येईल तितकी घ्यायची, पाणी उतरलं की हाताशी असलेल्या काही तासांत नट सैल करून पंखा काढायचा आणि पुढच्या भरतीच्या आत दुसरा चढवायचा. मोसमात बोट किनाऱ्यावर बसली की मालकाचा आणि खलाशांचा प्रत्येक दिवस तोट्याचा. त्यामुळे वाकलेलं पातं तापवून, ठोकून, डोळ्यांना बरं दिसेल इतपत सरळ करून बोट परत पाण्यात ढकलली जाते. मला या कारागिरांच्या हाताबद्दल आदर आहे. पण पंख्यात जे बिघडतं ते डोळ्यांना दिसत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

पंख्याच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा. लाकडात स्क्रू पिळावा तसा पंखा घट्ट पदार्थात फिरला असता, तर एका फेऱ्यात जितका पुढे गेला असता तितकं त्याचं पिच. समजा पिच 18 इंच आहे, इंजिन मिनिटाला 1,800 फेरे घेतं आणि गिअरबॉक्स ते तिनास एक करून शाफ्टला 600 देतो. हिशेबानं बोट तासाला जवळपास नऊ सागरी मैल जायला हवी. प्रत्यक्षात ती बरीच कमी जाते, कारण पाणी मागे सरकतं. हा फरक, बोटीचं वजन, आकार आणि मागे ओढायचं जाळं हे सगळं धरूनच पंखा निवडलेला असतो. पात्याची कड जरा जरी वळली तरी पिच बदलतं. ते वाढलं तर इंजिन दमतं, पूर्ण फेरे घेत नाही, काळा धूर सोडतं. घटलं तर इंजिन भन्नाट फिरतं आणि बोट जागची हलत नाही. सर्वांत वाईट म्हणजे तीन पात्यांची तीन वेगवेगळी पिचं. मग बोट थरथरत राहते आणि मालक इंजिनाच्या फाउंडेशनचे बोल्ट आवळत बसतो.

वजनाचंही तसंच. शाफ्टच्या मध्यापासून 30 सेंटिमीटरवर एका पात्यातला फक्त 100 ग्रॅम धातू गेला, तर 600 फेऱ्यांना तो असमतोल शाफ्टला साधारण 12 किलो वजनाइतक्या जोरानं बाजूला खेचतो. दिशा बदलत, सेकंदाला दहा वेळा. हा मार आधी बेअरिंग खातं, मग सील, मग गिअरबॉक्स. पंख्याच्या दुरुस्तीत वाचवलेले पैसे तिथे जातात.

म्हणून चांगल्या वर्कशॉपमध्ये हातोडीच्या आधी मोजमाप येतं. पंखा एका उभ्या दांड्यावर बसवून प्रत्येक पात्याचं पिच हबपासून टोकापर्यंत वेगवेगळ्या अंतरांवर मोजतात. ठरलेल्या पिचच्या ओतीव ठोकळ्यावर पातं ठेवून, तापवून, त्याला बसेपर्यंत ठोकतात. झिजलेल्या कडा वेल्डिंगनं भरतात, घासतात आणि शेवटी समतोल तपासतात. किती चूक चालेल याचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ 484. त्यात एस, एक, दोन, तीन अशा अचूकतेच्या चार श्रेणी आहेत. आपल्या मासेमारी बोटींच्या बिलावर ‘पंखा रिपेअर’ एवढंच लिहिलेलं असतं. दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं पिच त्या बिलावर यायला हवं, आणि मालकानं ते मागायला हवं.

धातू कोणता, यावर पुढचं सगळं ठरतं. ज्याला मँगनीज ब्राँझ म्हणतात ते खरं तर कणखर पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त. दुसरा धातू निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ. त्यात सुमारे 80 टक्के तांबं. दोन्ही दिसायला पिवळे, पण वागणूक निराळी. पितळी पातं सरळ करायला 500 ते 800 अंश सेल्सियस तापमान लागतं, निकेलच्या ब्राँझला 700 ते 900. वेल्डिंगनंतर पितळी पंखा सावकाश तापवून त्यातला ताण काढावाच लागतो. नाहीतर तो ताण आणि खारं पाणी मिळून काही महिन्यांनी जोडाशेजारी चीर पाडतात. निकेलच्या ब्राँझला बहुधा ही गरज पडत नाही. तापमान ज्योतीच्या रंगावर सोडून दिलं, की कालचं चांगलं काम पुढच्या मोसमात तुटतं.

पितळाचा आणखी एक शत्रू आहे. समुद्राचं पाणी त्यातलं जस्त खेचून घेतं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. पात्यावर गुलाबी डाग दिसले तर समजावं की आकार शाबूत आहे, पण बळ गेलं आहे. असं पातं ठोकू नये. ते वाकत नाही, तुटतं. शाफ्टवर लावलेलं झिंक, म्हणजे जस्ताचा तुकडा, वेळेवर बदललं तर आधी ते झिजतं आणि पंखा वाचतो. एवढ्या स्वस्त वस्तूची एवढी हेळसांड दुसरी कुठली पाहिलेली नाही.

मग बदलायचा कधी? जहाजांना दर्जा देणाऱ्या वर्गीकरण संस्थांचा नियम इथे लहान बोटींनाही उपयोगी आहे. पात्यावर सर्वाधिक भार मुळाशी येतो. त्यामुळे पाणी ढकलणाऱ्या बाजूला हबपासून त्रिज्येच्या चार दशांशापर्यंतच्या पट्ट्यात सहसा वेल्डिंगला परवानगी नसते. सात दशांशाच्या पलीकडे, टोकाकडे, मोकळीक जास्त. टोक दुमडलं, कड फाटली तर दुरुस्ती. मुळाशी चीर असेल तर नवा पंखा. ही चीर केसाइतकी बारीक असते. पात्यावर हातोडी हलकेच वाजवली आणि खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला की शंका घ्यावी. मग भेगेत झिरपणारा लाल रंग लावून, पुसून, वर पांढरी पावडर फवारली की चीर आपोआप उमटते.

आउटबोर्ड इंजिनांच्या छोट्या फायबर बोटींचं गणित सोपं आहे. त्यांचा ॲल्युमिनियमचा पंखा तापवला की बळ गमावतो आणि नवा तुलनेनं स्वस्त मिळतो, तेव्हा बदलावा. पण आधी हबमधलं रबरी बुश पाहावं. इंजिन ओरडतं आणि बोट पुढे जात नाही, तेव्हा बऱ्याचदा पाती धडधाकट असून बुशच घसरत असतं. मोठ्या जहाजांची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाला. चार पात्यांपैकी एकाचं टोक मोडलं तर पाणबुडे ते कापून नीट करतात आणि समोरच्या चांगल्या पात्याचंही टोक तेवढंच कापतात. वेग थोडा जातो, समतोल राहतो, जहाज गोदीपर्यंत पोचतं.

आपल्याकडे धक्का बसतो तो खाडीच्या तोंडाशी साचलेल्या गाळावर, पाण्याखाली बुडालेल्या खडकांवर आणि समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्यांमुळे. नायलॉनचं जाळं पंख्यात गुंतलं की ते शाफ्टभोवती आवळत जातं आणि सीलमध्ये शिरून पाण्याला वाट करून देतं. म्हणून पंखा काढला की शाफ्टही फिरवून, डायल गेज लावून तपासावा. वाकड्या शाफ्टवर नवा पंखा चढवणं म्हणजे नव्या पैशांची नासाडी. खाडीमुखाचा गाळ वेळेवर काढणं हे काही मच्छीमाराच्या हातात नाही. तो खर्च सरकारनं टाळला की त्याचा भार एकेका पंख्याच्या रूपानं एकेका कुटुंबावर पडतो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

नीट तपासणीला योग्य काळ आपल्याकडे ठरलेलाच आहे. 1 जून ते 31 जुलै, यांत्रिक मासेमारी बंद असते ते 61 दिवस. बोटी शाकारलेल्या असतात, ओहोटीची घाई नसते. या दिवसांत पंखा उतरवून वर्कशॉपला पाठवावा. नवा घेतला तरी जुना दुरुस्त होण्यासारखा असेल तर तो राखीव ठेवावा, कारण ऐन मोसमात नवा ओतून मिळायला वेळ लागतो. परत बसवताना शाफ्टच्या निमुळत्या भागावर निळा रंग लावून हब सगळीकडे टेकतं का ते बघावं. आधी चावी, म्हणजे हब आणि शाफ्टच्या खाचेत बसणारी धातूची पट्टी, न घालता पंखा कुठवर चढतो त्याची खूण करावी, मग चावी घालून तो त्याच खुणेपर्यंत पोचला पाहिजे. नाही पोचला तर तो चावीवर अडकला आहे, शाफ्टवर बसलेला नाही. पाण्यात उतरल्यावर लाकडी बोटीचा आकार थोडा बदलतो, म्हणून इंजिन आणि शाफ्टचं कपलिंग एक-दोन दिवसांनी पुन्हा जुळवावं. आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून झाला की पहिल्या फेरीत थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन किती फेरे घेतं ते वहीत लिहून ठेवावं.