जिनसेंग दूर, आस्कंद बांधावर

थकवा जाणवू लागला की अनेकांना जिनसेंग आठवते. चीन-कोरियातल्या या वनस्पतीचे मूळ माणसाच्या आकृतीसारखे दिसते, म्हणून चिनी भाषेत तिला 'रेनशेन' म्हणतात. 'रेन' म्हणजे माणूस. थंड डोंगराळ जंगलात, सावलीत ती वाढते. नांदेड-लातूरच्या उन्हात ती टिकायची नाही.

पण आपल्याकडे आस्कंद, म्हणजेच अश्वगंधा आहे. पडीक जागी वाढणारे हे झुडूप. कागदी वेष्टनात लाल फळ आणि ओल्या मुळाला घोड्यासारखा वास, म्हणून हे नाव. चरकसंहितेत तिची गणना बल्य, म्हणजे बळ देणाऱ्या औषधींत आहे. तिला 'भारतीय जिनसेंग' म्हणतात खरे. पण कूळ मात्र वांगी-टोमॅटोचे.

लागवड करायची तर जमीन हलकी, निचऱ्याची हवी. काळ्या भारी रानात पाणी साचून मुळे कुजतात. पीक पाच-सहा महिन्यांचे. मध्य प्रदेशातील नीमच ही मुळांची मोठी बाजारपेठ. तेव्हा आधी विक्रीची सोय पाहावी, मगच बी टाकावे.

दमसास आणि झोप यांवर अश्वगंधेचा काही उपयोग छोट्या चाचण्यांत दिसला आहे. पण ती जादू नव्हे. गर्भवतींनी ती टाळावी. थायरॉईडची किंवा झोपेची औषधे घेणाऱ्यांनी, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि थकवा हटत नसेल, तर चूर्णाआधी रक्त तपासून घ्यावे. त्यामागे रक्तक्षय किंवा मधुमेह असू शकतो. त्यावर उतारा वेगळा.