गोंगाटावर गोंगाटाचा उतारा

नगरच्या माळीवाडा स्थानकावरून पुण्यास निघालेल्या एस. टी. बसमध्यें एखादा विद्यार्थी कानांस हेडफोन लावून व्याख्यान ऐकत असतो. इंजिनाच्या घरघरींत शब्द बुडतात, म्हणून तो आवाज वाढवितो. शिरूर येईपर्यंत तो इतका वाढलेला असतो, कीं शेजारच्या प्रवाशासहि तें व्याख्यान ऐकूं यावें. घरघर मात्र कमी झालेली नसते. कानांवरचा भार तेवढा दुप्पट झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ मनुष्यानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकूं नये, आणि ९० डेसिबलला हाच अवधि ४ तासांवर येतो. अंतर्कर्णांतील केशपेशी एकदां नष्ट झाल्या, म्हणजे मनुष्याच्या देहांत त्या पुन्हां उगवत नाहींत. तेव्हां गोंगाट मारणारे हेडफोन हा केवळ हौसेचा विषय नव्हे.

या यंत्राचें मर्म ‘काट्यानें काटा काढावा’ या म्हणींत आहे. ध्वनि म्हणजे हवेच्या दाबाचे चढउतार. एका लहरीचा चढ जेथें येतो, तेथेंच दुसरीचा तेवढाच उतार आणून ठेवला, तर दोन्ही मिळून शांतता होते. हेडफोनवरील सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, आंतील यंत्रणा त्याची उलटी लहर तयार करते, आणि ती कानांत सोडली जाते. या कल्पनेचें अमेरिकन पेटंट जर्मनीच्या पॉल ल्यूग यांस १९३६ सालीं मिळालें. १९७८ मध्यें झुरिकहून बॉस्टनला जातांना विमानाच्या गोंगाटानें त्रासलेल्या अमर बोस यांनीं प्रवासांतच हेडफोनसाठीं या तत्त्वाचें गणित मांडलें. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठींचा हेडफोन १९८९ मध्यें विक्रीस आला, व सामान्य प्रवाशांसाठींचा २००० मध्यें.

परंतु सर्वच आवाज या उताऱ्यास वश होत नाहींत. १०० हर्ट्झच्या घरघरीची लहर सुमारें साडेतीन मीटर लांब असते. ४००० हर्ट्झच्या शिटीची केवळ साडेआठ सेंटिमीटर. लांब लहर संथपणें चढते, त्यामुळें यंत्रास तिला गांठतां येतें. आंखूड लहरीच्या बाबतींत अणुमात्र उशीर झाला, तरी उतारा चुकतो. म्हणून दौंड-मनमाड मार्गावरील आगगाडीची धडधड आणि कूलरची घरघर चांगली मावळते; कुकरची शिटी, मुलाचें रडणें, शेजारच्या खोलींतील बोलणें बरेंचसें शिल्लक राहतें. तें अडविण्याचें काम वाटीच्या गादीचें असतें. ज्यास केवळ घरांतील बोलणें टाळून अभ्यास करावयाचा आहे, त्याचें काम स्वस्त फोमच्या बोळ्यांनींहि पुष्कळ अंशीं भागतें.

खरेदीच्या वेळीं पेटीवरील शब्द नीट वाचावे. ‘ए. एन. सी.’ म्हणजे वापरणाऱ्याच्या कानांतील गोंगाट कमी करण्याची सोय, ‘ई. एन. सी.’ ही फोनवर पलीकडे ऐकणाऱ्याच्या सोयीची. दुसरीस पहिली समजून पैसे मोजणारे थोडे नाहींत. पेटीवर छापलेले डेसिबलचे आंकडे बहुधा सर्वांत अनुकूल स्वराचे असतात. त्यापेक्षां दुकानांत गाणें न लावतां, पंख्याजवळ उभें राहून ती सोय एकदां चालू व एकदां बंद करून पाहावी. चष्मा असल्यास तो लावूनच परीक्षा घ्यावी. काडीमुळें गादीला फट राहिली, कीं तींतून घरघर आंत शिरते. नगरच्या उन्हाळ्यांत गादी घामानें ओली होते, यास्तव ती बदलतां येते कीं नाहीं हें विचारावें. बॅटरी संपल्यावर हेडफोन तार जोडून चालतो कां, हेंहि पाहावें. उघड्या खिडकीशीं बसणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं मायक्रोफोनवर वारा आदळला असतां कांहीं हेडफोन स्वतःच खरखर करूं लागतात.

दोन ठिकाणीं मात्र हें साधन कामाचें नाहीं. साखर कारखान्याच्या टर्बाइनजवळ काम करणाऱ्यानें प्रमाणित कर्णरक्षकच वापरावे. गाणीं ऐकण्याचा हेडफोन त्यांची जागा घेऊं शकत नाहीं. तसेंच रस्ता किंवा रूळ ओलांडतांना तो कानांवरून काढावा, कारण तेथें ऐकूं येणें हेंच संरक्षण आहे.

हेडफोन योग्य निवडला, तर बसमधील त्या विद्यार्थ्यास आवाज वाढविण्याचें कारण उरणार नाहीं. शिरूर आलें तरी तो जेथल्या तेथें राहील, आणि शेजारचा प्रवासी निवांत डुलकी घेईल.